आईची मूठ आणि वजनकाटा

चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) नेवऱ्यांच्या, म्हणजे करंज्यांच्या, ऑर्डरी सुरू झाल्यात त्यामुळे आज लिहायला रात्रच उजाडली, पण हे डोक्यात ताजं आहे तोवर लिहून ठेवते.

मायकल गर्बर यांचं 'द ई-मिथ रिव्हिजिटेड' परत वाचायला घेतलंय. छोटा धंदा कसा चालवावा यावरचं १९९५ चं पुस्तक, सगळं अमेरिकेतलं, पण त्यातली सारा मला आमच्या गोव्यातल्या फोंड्यातलीच वाटते. मावशीकडून भरलेले गोड पदार्थ करायला शिकली, हाताला चव, म्हणून दुकान काढलं आणि मग भाजणं, विकणं, झाडू मारणं, हिशेब सगळं एकटीनेच करत दमून गेली. गर्बर म्हणतात की काम येणं वेगळं आणि त्या कामाचा धंदा चालवणं वेगळं, मालकाच्या आत कारागीर, मॅनेजर आणि उद्योजक असे तिघं असतात आणि बहुतेकांच्यात कारागीरच बाकीच्या दोघांना बोलू देत नाही. आमच्या घरी तेच चाललेलं. नेवऱ्या म्हणजे आई, आई आजारी तर ऑर्डर बंद.

त्यांचा उपाय सोपा आहे, प्रत्येक काम असं लिहून काढा की नवीन माणसाला ते करता यावं. म्हणून परवा आईला म्हटलं आई, चुनाला (नेवरीतल्या खोबरं-गुळाच्या सारणाला) गूळ किती गं, तर म्हणाली हाताला कळतं बाये. मग मी वजनकाटाच आणून ठेवला, ती गूळ कढईत घालायच्या आधी मूठ काट्यावर रिकामी करायची आणि मी लिहायचे. एक किलो ओल्या खोबऱ्याला साधारण ६०० ग्रॅम गूळ, दर घाण्याला थोडं इकडेतिकडे पण आश्चर्य वाटेल इतकं सारखं! वेलची ती गॅस बंद केल्यावरच घालते हे मी लहानपणापासून बघत आले तरी कधी नीट लक्षात आलं नव्हतं. आणि चून कढईची कड सोडेपर्यंत परतायचंच, ओलं राहिलं तर नेवरी तेलात फुटते. आज मदतीला येणाऱ्या मुलीने वहीत बघून चून केलं, आईने चाखलं आणि काही न बोलता पुढचा नारळ फोडायला घेतला, म्हणजे जमलं.

पण एक गोष्ट मला पटत नाही. गर्बर मॅकडोनाल्ड्सचं उदाहरण देतात, सगळं इतकं बांधून ठेवायचं की सामान्य कौशल्याच्या माणसालाही जमावं. मुरड कशी लिहू मी? आईचा अंगठा पारीची कड किती ओढतो ते वहीत उतरत नाही, ते शेजारी बसूनच शिकावं लागतं, त्यामुळे मुरड घालायला आईच राहील आणि परतायचं, तळायचं, पॅकिंगचं काम तिच्याकडून काढून घ्यायचं असं मी ठरवलंय. पुस्तकातलं सगळंच्या सगळं उचलायला हवं असं थोडंच आहे.

डेल कार्नेगींचं 'हाऊ टू विन फ्रेंड्स अँड इन्फ्लुएन्स पीपल' हे १९३६ चं पुस्तकही वाचलं होतं, माणसाचं नाव लक्षात ठेवा वगैरे, चांगलंच आहे ते पण आमच्याकडे गिऱ्हाईक दारात आलं की कुणाची गं तू इथूनच सुरुवात होते, तिथे मला नवीन फारसं मिळालं नाही. मला वही मिळाली ती गर्बरांकडून.

उद्या उधारीचं पान लिहायचंय. कुणाला द्यायची, किती दिवस आणि चवथ झाल्यावर मागायला कोण जाणार, हे तिघींनी बसून ठरवायचं आहे.