मार्सियाकचा जॅझ: तिकिटाआधी परतीचं बघा

गाडी नसेल आणि गावातच झोपायची सोय झालेली नसेल, तर नैऋत्य फ्रान्समधल्या मार्सियाक गावच्या जॅझ महोत्सवात रात्रीच्या मैफलीचं तिकीट काढू नका. हे एवढं एक वाक्य मला जुलैमध्ये कोणी सांगितलं असतं, तर अकरा किलोमीटरची पायपीट आणि साठ युरो, दोन्ही वाचलं असतं.

मी तुलूझला नोकरी करतो. ऑफिसातला एक सहकारी पंधरा वर्षं न चुकता मार्सियाकला जातो. त्याला विचारलं, रात्री परत यायचं कसं? तो म्हणाला, एवढा मोठा फेस्टिवल, काहीतरी मिळतंच की. मी त्यावर विश्वास ठेवला. नंतर कळलं की त्याच्या सासऱ्यांचं घर तिथून सहा किलोमीटरवर आहे आणि या पंधरा वर्षांत तो एकदाही स्वतःच्या गाडीशिवाय तिथे गेलेला नाही. अनुभवी माणसाला विचारताना तो कशाने जातो हे आधी विचारावं.

सोबत पक्या होता, कॉलेजपासूनचा मित्र, हल्ली लियोंला असतो. तबला वाजवतो, त्यामुळे जॅझ आपल्याला आपोआप कळतो असं त्याचं ठाम मत आहे. तुलूझहून ओशपर्यंत रेल्वे, साधारण दीड तास. पुढे तार्बच्या बाजूला जाणारी बस मार्सियाकला जातच नाही, ती मिएलांला सोडते. तिथून तेरा-चौदा किलोमीटर. आम्ही रस्त्याच्या कडेला अंगठा दाखवून उभे राहिलो आणि दहा मिनिटांत एका म्हाताऱ्या जोडप्याने गाडीत घेतलं. दिवसा लिफ्ट मिळायला काहीच अडचण नाही, त्या आठवड्यांत त्या रस्त्यावरची दर दुसरी गाडी मार्सियाकलाच चाललेली असते. नेमकी याच गोष्टीने आमची समजूत चुकली. दुपारी दहा मिनिटांत लिफ्ट मिळाली म्हणजे रात्रीही मिळेल असं आम्ही धरून चाललो.

खोलीच्या जाहिरातीत गावाचं नाव मार्सियाकच होतं. नकाशावरचा ठिपका नीट मोठा करून पाहिला असता तर दिसलं असतं की ठिपका मिरांदच्या दिशेला अकरा किलोमीटरवर, शेतात आहे. तिथल्या पत्त्यात मार्सियाक हे गाव नसतं, तो परिसर असतो. आपल्याकडे बिल्डर ‘हिंजवडीजवळ’ म्हणून मुळशीतला फ्लॅट विकतो, तसंच. घर छान, मालकीणबाई प्रेमळ, विहिरीजवळ अंजिराचं झाड. बाईंनी विचारलं, गाडी कुठे लावली? आम्ही म्हटलं, गाडी नाही. त्या काही बोलल्या नाहीत. तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं.

मैफल रात्री नऊला सुरू होते. एका तिकिटात सहसा दोन कार्यक्रम असतात, मध्ये भलं मोठं मध्यांतर, त्यामुळे दुसरा कलाकार मंचावर येईपर्यंत अकरा वाजून जातात. आम्ही बाहेर पडलो तेव्हा सव्वा वाजला होता. सवाईला रात्री दहाचा नियम लागल्यापासून आपण हे विसरलो आहोत. पूर्वी तिथेही पहाट व्हायची, पण बाहेर पुणं होतं, रिक्षा होत्या, चहाची टपरी होती. इथे बाहेर पडल्यावर दिसतात ती फक्त शेतं, शेतांत लावलेल्या शेकडो गाड्या, आणि हातात टॉर्च घेतलेले स्वयंसेवक, जे त्या गाड्या एकेक करून रस्त्यावर काढत असतात. पाऊण तासात सगळं रिकामं. त्या पाऊण तासात आम्ही अंगठा दाखवत उभे होतो. गाड्या भरलेल्या, माणसं दमलेली, काचा वर. ज्या परतीच्या बसबद्दल दिवसा कोणीतरी सांगितलं होतं ती होती तार्बची, म्हणजे बरोब्बर उलट्या दिशेची, आणि तीही त्या दिवशी नव्हती.

मग चालायला लागलो.

या अकरा किलोमीटरबद्दल सविस्तर सांगतो, कारण नकाशात हा रस्ता फार गोंडस दिसतो. पहिला दीड किलोमीटर गावाचे दिवे असतात. मग काही नाही. फूटपाथ नाही, बाजूपट्टी म्हणावी तर हातभर गवत आणि लगेच चर. रस्ता सपाट नाही. जेर्स, म्हणजे हा जिल्हा, एकामागून एक टेकाडांचा, चढ फार नाहीत पण प्रत्येक चढाच्या माथ्यावर समोरून गाडी आली तर तिला तुम्ही अगदी शेवटच्या क्षणी दिसता. फ्रान्समध्ये गाड्या उजवीकडून चालतात, तेव्हा गावाबाहेर पायी जाताना डाव्या कडेने जायचं, म्हणजे गाडी समोरून दिसते. आम्ही सवयीने तासभर उजव्या कडेने, गाड्यांकडे पाठ करून चाललो. वेडेपणा. इथल्या प्रत्येक गाडीत ठेवावं लागतं ते पिवळं चमकणारं जाकीट स्वस्तात कुठेही मिळतं. माझ्याकडे ते होतं, तुलूझला, बाल्कनीत.

आणि मका. दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीचा मका. अर्ध्या वाटेवर अंधारात टक-टक-टक-टक असा आवाज यायला लागला. पक्या थांबला, म्हणाला, “सोळा मात्रा.” मी म्हटलं, “अरे, बंदूक आहे का बघ आधी.” ती बंदूक नव्हती, मक्याला पाणी देणारा मोठा फवारा होता, शेतभर गोल फिरणारा. त्याची धार रस्त्याच्या अर्ध्यापर्यंत येते आणि परत जाते. आम्ही मात्रा मोजून धार गेल्यावर पळायचं ठरवलं. पक्या सुटला. मी दोन मात्रा चुकलो आणि मांडीपर्यंत भिजलो. दिवसा इथे पस्तीसच्या वर जातं, पण पहाटे तीनला ओल्या पँटमध्ये दात वाजतात. घरी पोचलो तेव्हा चारला दहा कमी होते. अंजिराच्या झाडाखाली मालकीणबाईंनी दिवा लावून ठेवला होता. म्हणजे त्यांना माहीत होतं.

दुसऱ्या रात्री आम्ही शहाणे झालो असं वाटून मांडवाबाहेर उभ्या असलेल्या एका व्हॅनवाल्याला विचारलं. ऐंशी म्हणाला. साठवर आला. अकरा किलोमीटरचे साठ. टपावर टॅक्सीचा दिवा नाही, आत मीटर नाही, पावती नाही. इथल्या खऱ्या टॅक्सीला दिवा आणि मीटर दोन्ही असतं आणि रात्रीचा दर सरकारने ठरवलेला असतो. तो दरही कमी नाही, पण साठ नक्कीच झाले नसते. मात्र खरी टॅक्सी त्या वेळी दारात उभी नसते, तालुक्याच्या गावात फोन करून दुपारीच सांगून ठेवावी लागते. आम्ही साठ दिले. पायांचं ऐकलं.

हे सगळं असं का आहे हे तिसऱ्या दिवशी डोकं ताळ्यावर आल्यावर लक्षात आलं. मार्सियाक हे जेमतेम बाराशे वस्तीचं गाव. 1298 मध्ये वसवलेलं बास्तीद, म्हणजे मध्ये चौरस चौक, चौकाभोवती कमानींची ओसरी, सरळ आखलेल्या गल्ल्या. 1978 मध्ये गावातल्या काही हौशी मंडळींनी जॅझची मैफल ठेवली. पुढे सगळ्याची सूत्रं सांभाळली ती गावातल्या शाळेचे मुख्याध्यापक जाँ-लुई गियोमों यांनी, जे नंतर गावाचे महापौरही झाले. सुरुवातीला आधार होता तो याच मुलखातल्या दोन वादकांचा: सॅक्सोफोनवादक गी लाफित, आणि अमेरिका सोडून जेर्समध्ये येऊन राहिलेले ट्रम्पेटवादक बिल कोलमन. आज हाच महोत्सव जुलैच्या उत्तरार्धापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत, दोन आठवड्यांहून जास्त चालतो. रग्बीच्या मैदानावर साधारण सहा हजार खुर्च्यांचा मांडव उभा राहतो आणि सगळे दिवस धरले तर दोन लाखांच्या वर माणसं येऊन जातात.

महोत्सव वाढला आणि गाव होतं तेवढंच राहिलं. वर्षातले बाकीचे सगळे आठवडे जिथे बाराशे माणसं आहेत तिथे हॉटेल कोण बांधणार? मांडव दरवर्षी उभारतात आणि उतरवतात, गाड्यांची सोय गवतावर होते, कामाला शेकडो स्वयंसेवक असतात. सगळं तात्पुरतं, आणि ते तात्पुरतं आहे म्हणूनच परवडतं. पण पलंग तात्पुरता उभारता येत नाही, म्हणून लोक तीस-तीस किलोमीटरवरच्या शेतघरांत झोपतात आणि सगळा कारभार गाडीवर चालतो. राग यायचा तो माझ्यासारख्या बिनगाडीवाल्यालाच येतो, बाकी कोणाची तक्रार नाही.

पक्क्या म्हणाव्यात अशा गोष्टी थोड्याच झाल्या. ट्रम्पेटवादक विंटन मार्सालिस 1991 पासून इथे येत राहिले, त्यांनी या गावावर ‘मार्सियाक स्वीट’ (Suite, म्हणजे छोट्या रचनांची मालिका) रचली, आणि 1997 मध्ये गावाने त्यांचा ब्राँझचा पुतळा उभारला. माणूस हयात असताना! पक्या त्या पुतळ्यासमोर उभा राहून म्हणाला, आपल्याकडे आधी जागेवरून भांडण झालं असतं. दुसरी गोष्ट म्हणजे 2011 मध्ये उघडलेलं लास्त्रादा हे पाचशे आसनांचं सभागृह. गॅस्कन बोलीत अस्त्रादा म्हणजे नशीब. तिथे वर्षभर कार्यक्रम होतात. माझं स्पष्ट मत: मांडवापेक्षा इथलं तिकीट घ्या. मांडवात मागच्या तिसऱ्या भागात बसलात तर तुम्ही पडद्यावर मैफल बघता, खुर्ची प्लास्टिकची, आणि दिवसभर तापलेलं कापड रात्री अकरापर्यंत उष्मा सोडत नाही. मग एकदम गार होतं. पुढचं तिकीट परवडत नसेल तर मागचं घेऊन पैसे फुकट घालवू नका.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत मोठी वाटली. गावातली माध्यमिक शाळा मुलं कमी म्हणून बंद पडायच्या बेतात होती. 1993 मध्ये तिथे जॅझचे वर्ग सुरू केले आणि बाहेरगावची मुलं तिथे राहून शिकायला येऊ लागली. शाळा वाचली. सकाळी अकराला चौकात मुलांचा एक वाद्यवृंद ऐकला. त्यात एक मुलगा होता, त्याच्या गळ्यातला बॅरिटोन सॅक्सोफोन जवळजवळ त्याच्याएवढा. त्याच्या बुटाची नाडी सुटली होती. वाजवता वाजवता त्याने पाय पुढे केला, शेजारच्या ट्रॉम्बोनवाल्या मुलीने आपल्या विरामाच्या चार मात्रांत वाकून ती बांधली आणि वेळेवर परत सुरात आली. पक्याने टाळी दिली ती या नाडीला. मला त्या तीन दिवसांतलं सगळ्यांत चांगलं संगीत तेच वाटलं, आणि ते फुकट होतं. चौकातले दिवसाचे सगळेच कार्यक्रम फुकट असतात, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. सावलीची खुर्ची मात्र लवकर जाऊन धरावी लागते.

खाण्याचं थोडक्यात. हा बदकांचा मुलूख आहे. शाकाहारी असाल तर सॅलड मागवून निर्धास्त होऊ नका, इथल्या सॅलडवर बदकाचा कलेजी-पेटा येतो. ‘मांस नको’ म्हटलं तर पेटा काढून तीच बशी परत आणतात. मी बघितलंय. खरबूज उत्तम, आर्मान्याक ही इथली ब्रँडी घातलेली सफरचंदाची पापुद्र्यांची पेस्ट्री, क्रुस्ताद, त्याहून उत्तम. दुपारी दोननंतर स्वयंपाकघरं बंद, रविवारी दुपारी दुकानंही बंद. मांडवाच्या आवारात प्यायचं ते अनामत ठेवून मिळणाऱ्या पेल्यात, पेला परत केला की युरो परत. पक्याने चार पेले आठवण म्हणून घरी नेले आणि ते फुकट मिळाले असं अजून सांगतो.

तिसऱ्या दिवशी आम्ही खोली सोडली, गावाच्या कडेला एका शेतातल्या कॅम्पिंगमध्ये उसना तंबू टाकला. मांडवापासून बारा मिनिटं. मैफल संपली, चालत गेलो, झोपलो. त्या दिवसाबद्दल सांगण्यासारखं काहीच नाही.

कॅम्पिंगच्या जागा आणि गावातल्या खोल्या कित्येक महिने आधीच भरतात, त्यामुळे कार्यक्रमपत्रिका यायची वाट न बघता तारखा ठरवून जागा धरा, तिकीट मागून घ्या. कोण वाजवणार आहे याची काळजी करू नका, कोणीतरी चांगलं असतंच. तरीही शेतघरच घ्यायचं असेल तर मालकांना एकच प्रश्न विचारा: रात्री दीड वाजता मांडवापासून तुमच्याकडे गाडीशिवाय कसं येतात? आमच्या मालकीणबाईंना निघताना मी तोच प्रश्न विचारला. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, “येत नाहीत, मस्यू. तुम्हीच पहिले.”