फिलॉटस, स्यूडोफिलॉटस की राऑर्केस्टिस? बेडकाचं आडनाव शोधायला लागलेले सात महिने

एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी आंबोलीचे झुडपी बेडूक घेतले तेव्हा वाटलेलं की अवघड काम म्हणजे पावसात रात्रीचं फिरणं, नाव लावणं काय, पुस्तक उघडायचं आणि लिहायचं. झालं उलटं. जंगलातलं काम तीन आठवड्यांत उरकलं आणि नुसता जीनस, म्हणजे बेडकाच्या शास्त्रीय नावातलं आडनाव, ठरवण्यात पुढचे सात महिने गेले.

सुरुवात डिपार्टमेंटच्या कपाटातल्या एका जुन्या बरणीपासून झाली. आत अंगठ्याच्या पेराएवढा बेडूक, रंग पार उडालेला, आणि लेबलवर पेन्सिलीने लिहिलेलं, "फिलॉटस, आंबोली". मी तसंच यादीत उतरवलं. मॅडमनी यादी वाचली आणि विचारलं, "अगं, हा फिलॉटस कुठून आणलास? आपल्या घाटात फिलॉटस राहिलाय का आता?" मला उत्तर येत नव्हतं, म्हणून मागे मागे जात वाचायला घेतलं.

तर गोष्ट अशी आहे. १८३८ मध्ये चुडी नावाच्या अभ्यासकाने या बेडकांच्या गटाला ऑर्केस्टिस नाव दिलं, पण ते नाव १७९८ पासून एका सोंडकिड्याला दिलेलं होतं, आणि प्राण्यांच्या नावांचा नियम असा की जो आधी आला नाव त्याचं. मग १८४१ मध्ये इक्सॅलस आलं, तर तेही नाव चार वर्षं आधी एका सस्तन प्राण्याला गेलेलं. शेवटी १८४८ चं गिस्टेलचं फिलॉटस टिकलं आणि पुढे कितीतरी वर्षं जावा-बोर्निओपासून श्रीलंका-सह्याद्रीपर्यंतचे सगळे छोटे झुडपी बेडूक त्या एकाच नावाखाली कोंबले गेले. कारण दिसतात सारखे, बोटांच्या टोकाला गोल चकत्या, आणि यांच्यात पाण्यात पोहणारा टॅडपोल नसतोच, अंड्यातून थेट पिटुकला बेडूक बाहेर येतो.

डीएनए बघायला लागल्यावर कळलं की ही सगळी एका घरची मंडळी नाहीत. २००९ मध्ये श्रीलंकेच्या बेडकांसाठी १९४३ चं स्यूडोफिलॉटस हे नाव पुन्हा वापरात आलं, आणि २०१० मध्ये बिजू, शौचे, दुबॉ, दत्ता आणि बॉसाइट यांनी प्रामुख्याने आपल्या घाटातल्या बेडकांसाठी राऑर्केस्टिस हा नवा जीनस केला. राव म्हणजे बंगळूरचे सी. आर. नारायण राव, ज्यांनी १९३७ मध्ये घाटातले कितीतरी बेडूक पहिल्यांदा नोंदवले, आणि त्याला जोडून ते जुनं हुकलेलं ऑर्केस्टिस. हा पेपर छापून आला करंट सायन्स या विज्ञान नियतकालिकात, ज्याचे १९३२ मधले पहिले संपादक हेच राव होते. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. रावांनी जमवलेले मूळ नमुने नंतर हरवले, पण नाव असं परत आलं.

आता माझा प्रश्न. आंबोलीत राऑर्केस्टिस बॉम्बेएन्सिस आहे आणि स्यूडोफिलॉटस आंबोलीसुद्धा आहे, दोन जीनस एकाच झुडपात. बरणीतला कुठला? बाहेरून बघून हे दोन जीनस वेगळे काढणं भरवशाचं नाही, त्यात रंग गेलेला. म्हणून त्याच्या यकृताचा तुकडा घेऊन पीसीआर, म्हणजे डीएनएच्या भरपूर प्रती काढायची पद्धत, लावला. डीएनए मिळाला की नाही ते दाखवणाऱ्या जेलवर काहीच नाही. परत लावला, काहीच नाही, तिसऱ्यांदा पण जेल कोरं. मग कळलं की तो नमुना फॉर्मलिनमधला, फॉर्मलिनने डीएनए आतल्या आत जखडून तुटतो. दीड महिना त्यात गेला, आणि हे मी आधी विचारायला हवं होतं.

वनखात्याची परवानगी हातात होती म्हणून जुलैत परत आंबोली गाठलं. सोबतच्या गावातल्या काकांचे कान इतके तयार की मी टॉर्च फिरवत बसायचे आणि ते म्हणायचे, "गो बाय, थंय बघ, वायच वर." करवीच्या पानावर नर बसलेला, ओरडताना गळ्याची पिशवी फुगून अशी पातळ झालेली की टॉर्चचा उजेड तिच्यातून आरपार जात होता, जवळजवळ त्याच्याएवढीच मोठी पिशवी. दोन मिनिटं मी रेकॉर्डर चालू करायचंच विसरले. नंतर आवाज घेतले, फोटो घेतले, आणि प्रत्येकाच्या तोंडातून बारीक कापसाचा स्वॅब घेऊन त्याच पानावर परत सोडला.

या स्वॅबमधून १६-एस या, जाती ओळखायला वापरतात त्या, जीनचा तुकडा पहिल्याच फटक्यात मिळाला. सिक्वेन्स, म्हणजे डीएनएतल्या अक्षरांचा क्रम, आले, जीनबँकेत, म्हणजे अशा सिक्वेन्सच्या जाहीर संग्रहात, जुळवले, तर जवळच्या नोंदींमध्ये काही अजून फिलॉटस याच नावाने पडलेल्या! टाकणाऱ्याची चूक नाही, तेव्हा तेच नाव होतं. म्हणून नुसती वरची ओळ बघून नाव उचलू नका, ती जाती आज कुठल्या जीनसमध्ये आहे ते तपासा आणि स्वतः ट्री, म्हणजे नात्यांची वंशावळ, काढा. माझ्या ट्रीमध्ये नऊपैकी सात बेडूक राऑर्केस्टिसच्या फांदीवर गेले आणि दोन श्रीलंकेच्या बेडकांच्या शेजारी जाऊन बसले. हे दोन स्यूडोफिलॉटस आंबोली. त्या जीनसचे बहुतेक सगळे भाऊबंद समुद्रापलीकडे आणि हे इथे सिंधुदुर्गात, ते स्क्रीनवर दिसलं तेव्हा मी मॅडमना रात्री साडेदहाला फोन केला.

व्हायव्हात बाहेरच्या सरांनी एकच गोष्ट खोदून विचारली, ती शास्त्रीय नावापुढे नाव देणाऱ्यांची नावं आणि साल लिहितात, त्यातल्या कंसाची. स्यूडोफिलॉटस आंबोलीपुढे बिजू आणि बॉसाइट, २००९ हे कंसात का, आणि पाध्ये आणि सहकाऱ्यांच्या २०१३ च्या राऑर्केस्टिस घाटेईपुढे कंस का नाही? कारण आंबोलीचं पहिलं नाव फिलॉटस आंबोली होतं, जीनस बदलला की मूळ नाव देणाऱ्यांची नावं कंसात जातात. घाटेई जन्मापासून राऑर्केस्टिसच आहे. सात महिन्यांपूर्वी मला तो कंस टायपिंगची सवय वाटायचा, आणि यादीत मी तो निम्म्या ठिकाणी टाकलाच नव्हता.

बरणीतल्या बेडकाचा निकाल मात्र लागला नाही. जुनं लेबल काढायचं नसतं, म्हणून ते तसंच ठेवलं आणि शेजारी पेन्सिलीने लिहून दुसरं आत सोडलं: "राऑर्केस्टिस किंवा स्यूडोफिलॉटस, आंबोली. फॉर्मलिन. डीएनए मिळाला नाही."