ब्राह्मी तेल, घाणा तिसरा: वात गप्प जळली!

अखेर जमलं! काल रात्री पावणेदहाला कल्काची, म्हणजे तेलात शिजवलेल्या वनस्पतींच्या वाटणाची, वात ज्योतीवर धरली आणि ती गुपचूप जळली, एकदाही तडतडली नाही, म्हणजे तेलात पाणी उरलेलं नाही. गेले अडीच महिने मी त्या न येणाऱ्या आवाजाची वाट बघत होते.

पहिला घाणा पंधरा दिवसांत खवट झाला आणि दुसरा करपला, हे मागे लिहिलंच आहे. दोन्ही वेळा घोळ एकाच ठिकाणी झाला, तो म्हणजे तेल उतरवायचं कधी. तेलपाक झाला, म्हणजे तेल पुरतं शिजलं, की फेस येतो, एवढंच डोक्यात पक्कं होतं. पण स्वरस, म्हणजे ताज्या पाल्याचा रस, उकळतानाही फेस येतोच की! पहिल्या वेळी मी त्या पाण्याच्या फेसालाच भुलले आणि कढई उतरवली. तेलात पाणी राहिलं, मग ते खवट होणारच. यावेळी शेवटचा अर्धा तास कढईपासून हलले नाही, तेव्हा दोन्हींतला फरक दिसला. पाण्याचे बुडबुडे मोठे असतात, मधून उसळतात आणि फुटताना तेल उडवतात. ते हळूहळू विरळ होत बंदच पडले. तेल दोन-तीन मिनिटं अगदी संथ झालं आणि मग कडेपासून साबणासारखा बारीक फेस चढत सगळ्या तेलावर पसरला. खरा फेस तो. एकदा पाहिला की पुन्हा चुकणार नाही.

दुसरा घाणा का करपला, तेही आता कळलं. कल्क, तेल, द्रव यांचं एकास चारास सोळा हे प्रमाण मी डोळे मिटून धरलं होतं. शारंगधर संहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात पुढे स्पष्ट दिलंय, द्रव नुसतं पाणी असेल तर कल्क तेलाच्या चौथा हिस्सा, काढा असेल तर सहावा आणि स्वरस असेल तर आठवा. मी स्वरस घेऊन कल्क चौथा हिस्सा घातला होता, म्हणजे बरोबर दुप्पट! स्वरसात पाल्याचा गाळ आधीच असतो. तो आणि कल्क मिळून बुडाला थर धरला आणि तोच जळला.

म्हणून यावेळी घाण्याचं तीळतेल २०० मिली, मलमलीतून दोनदा गाळलेला स्वरस ८०० मिली आणि कल्क फक्त २५ ग्रॅम. गडबड न करता दोन दिवस लावले, कारण तेल-तूप एका दिवसात उरकू नये असंही तिथेच सांगितलंय. पहिल्या दिवशी मंद आचेवर दोन तास, मग रात्रभर झाकून. दुसऱ्या दिवशी उरलेलं. कल्क आधी बोटांना चिकटत होता, मग मेणासारखा झाला आणि चिमटीत वळल्यावर नीट वात झाली. हा मध्यमपाक, म्हणजे ना कच्चा ना करपलेला. आणखी थांबले असते तर तो रवाळ होऊन मोडला असता. फेस दिसला की लगेच उतरवा आणि गरम असतानाच गाळा, कढईच्या धगीवर तेल नंतरही शिजत राहतं.

कढईबद्दल माझं मत आता ठाम झालंय, जाड बुडाची कल्हईवाली पितळीच हवी. स्टीलच्या पातळ कढईला बूड लागतंच.

पाल्याचं सांगायचं राहिलं. गच्चीतल्या दोन क्रेटमधली नीरब्राह्मी पुरली नाही, म्हणून मंडईतून जुड्या मागवल्या तर निघाला कारिवणा. त्यालाही ब्राह्मीच म्हणतात, त्यामुळे विकणाऱ्या मावशींचं काही चुकलं नाही. पान बघून घ्या. गोल, कातरलेल्या कडेचं, लांब देठाचं असेल तो कारिवणा. बारीक, जाडसर, रसरशीत पान ती नीरब्राह्मी. कारिवण्याची चटणी केली, झकास झाली.

कल्कात ५ ग्रॅम जटामांसी होती. एका दुकानाने मागे नुसती भुकटी दिली होती, तिला वासच नव्हता. अख्खं मूळ मागा. तांबूस केसाळ शेपटीसारखं दिसतं आणि पुडी उघडताच उग्र, मातकट वास येतो. पुढच्या घाण्यासाठी पाव किलो मागवणार होते, पण हे लिहिता लिहिताच बेत रद्द केला. ती हिमालयात तीन हजार मीटरच्या वर वाढते आणि जंगलातून उपटून उपटून आता अतिसंकटग्रस्त यादीत गेली आहे. माझ्या हौसेसाठी नको. त्याऐवजी वाळा घालून बघेन.

किंवा थांबा, आधी तूपच का करू नये? तुपात उलटं असतं, पाक झाला की फेस बसतो. घरात आजीची काशाची वाटी आहे आणि तळपायांना घासायला तूपच लागतं. काल आईच्या टाळूवर दोन चमचे तेल जिरवलं. आज ऑफिसमधून आल्यावर मीही लावून घेतलं आणि मानेचा ताठा सैल पडला. क्रेटमधली ब्राह्मी छाटल्यावर पुन्हा फुटायला लागली आहे. तीनेक आठवड्यांत १०० ग्रॅम तुपापुरता रस निघावा. वाटी मात्र आजच चिंच लावून घासून ठेवली.