नव्या मॉलमध्ये दुकान लावताना: छत उघडं राहिलं ते १९ दिवस

उपनगरातल्या नव्या मॉलमध्ये पुस्तकं आणि स्टेशनरीचं दुकान लावायचं ठरलं, तेव्हा अडचण आलीच तर करारात किंवा कर्जात येईल असं मला वाटलं होतं. दोन्ही कामं बिनबोभाट झाली. घोडं अडलं ते छतातल्या पाण्याच्या पाइपपाशी, आणि तिथे १९ दिवस गेले.

मॉलमधला गाळा ताब्यात मिळतो तो नुसता सांगाडा असतो. खडबडीत जमीन, उघडा स्लॅब, कोपऱ्यात विजेची केबल आणि वर ठराविक अंतराने लोंबणारे स्प्रिंकलर, म्हणजे आग लागली की आपोआप पाणी फवारणारी तोंडं. त्यातली लाल काचेची इवलीशी नळी ६८ अंश सेल्सिअसला फुटते आणि पाणी सुटतं. हे स्प्रिंकलर उघड्या स्लॅबच्या हिशोबाने बसवलेले असतात. आपण फॉल्स सीलिंग केलं की त्यांची तोंडं सीलिंगच्या पातळीला खाली आणावी लागतात. ते काम मॉलने नेमलेला ठेकेदारच करतो, आपल्या माणसाला पाइपला हात लावता येत नाही. इथवर मला मान्य होतं.

पुढचं मात्र कोणी सांगितलं नव्हतं. पाइप कापायचा तर आधी त्यातलं पाणी काढायला हवं, आणि ते एका गाळ्यापुरतं काढता येत नाही. एका व्हॉल्व्हवर अख्खा पट्टा असतो. माझ्या पट्ट्यात नऊ गाळे. पाणी काढलं की आग लागल्यास तेवढा भाग उघडा पडतो, माणूस पहाऱ्यावर ठेवावा लागतो, म्हणून मॉलवाले नऊही गाळ्यांचे स्प्रिंकलरचे नकाशे मंजूर झाल्यावर एकदाच पाणी काढणार होते. माझा नकाशा पहिल्याच आठवड्यात मंजूर झाला. शेजारच्या दोघांचे आलेच नव्हते.

रोज सकाळी मी साइट ऑफिसात जायचे.

"साहेब, आज पाणी काढताय का?"

"मॅडम, दोन गाळे बाकी आहेत."

रोज हेच. तोवर सगळं ठप्प. पाइपची दाबाची चाचणी झाल्याशिवाय वरचं काही झाकायची परवानगी नाही, म्हणून सीलिंग नाही. सीलिंग नाही म्हणून दिवे नाहीत, वरून कचरा पडेल म्हणून फरशी नाही. सुतार दुसऱ्या कामावर निघून गेला, त्याला तरी किती दिवस थांबवणार? आणि दुकान लावण्यासाठी मिळालेले भाडेमाफीचे दिवस तेवढे न चुकता मोजले जात होते, कारण करारात ते ताबा मिळाल्याच्या तारखेपासून धरले होते. उशीर दुसऱ्यांचा आणि दिवस माझे गेले, याचा राग अजून गेलेला नाही. म्हणून सही करण्याआधी एक ओळ लिहून घ्या: मॉलच्या बाजूने काम थांबलं तर तेवढे दिवस भाडेमाफीत वाढवून मिळतील. मी नंतर मागितले, मिळाले नाहीत.

शेवटी मीच त्या दोघा शेजाऱ्यांना गाठलं. एकाने अजून डिझायनरच नेमला नव्हता. माझ्या डिझायनरला त्यांच्यासमोर बसवलं, त्याने दोन्ही गाळ्यांचे स्प्रिंकलरचे नकाशे एका संध्याकाळी काढून दिले. चार दिवसांत मंजुरी आली. हे मी पहिल्या आठवड्यातच करायला हवं होतं, पण केलं याचा मला अभिमान आहे. ताबा मिळताच तुमच्या व्हॉल्व्हवर कोणकोणते गाळे आहेत ते विचारा आणि त्या सगळ्यांना एकत्र बोलवा.

पाणी रात्री काढलं. पाइप जोडल्यावर पाणी भरून दाब दिला आणि तो दोन तास टिकतो का ते पाहिलं. दोन्ही तास मी मीटरच्या काट्यासमोर उभी होते. काटा हलला नाही. तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

पुढचं भराभर झालं. हो, रॅकचं सांगायचं राहिलं. मी पुस्तकांचे रॅक थेट सीलिंगपर्यंत करून घेतले होते. स्प्रिंकलरच्या तोंडाखाली साधारण ४५ सेंटीमीटर जागा मोकळी लागते, नाहीतर पाण्याचा फवारा अडतो. वरचा एकेक कप्पा कापावा लागला. सुताराला माप देण्याआधी हे बघा. मालाच्या लिफ्टचं दारही मोजा. काउंटर दोन तुकड्यांत करून घेतला म्हणून माझा वर पोचला. वेल्डिंग असेल तर त्याचा परवाना वेगळा काढावा लागतो, तो नसेल तर कारागीर गेटवरून परत जातो.

मंजूर नकाशाची शिक्क्याची प्रत गाळ्यातच ठेवा. शेवटच्या तपासणीला आलेल्या साहेबांनी आधी तीच मागितली, स्प्रिंकलर एकेक करून मोजले आणि सही केली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दुकानासमोरचा पत्रा काढला.