क्षमता 6 व्यक्ती, 408 किलो

परवा दुपारी दादरच्या एका जुन्या इमारतीत लिफ्टमध्ये शिरलो आणि करण्यासारखे दुसरे काही नसल्यामुळे समोरची पाटी वाचली : ‘कपॅसिटी 6 पर्सन्स, 408 केजी’. म्हणजे दर माणशी 68 किलो. त्या हिशेबाने मी एकटाच सव्वा माणूस भरतो, हे सोडून देऊ. चौथ्या मजल्यापर्यंत डोक्यात प्रश्न एवढाच राहिला, की ही लिफ्टची कपॅसिटीच का, एबिलिटी का नाही?

कपॅसिटीचा मूळ अर्थ मावण्याशी जोडलेला आहे, आणि मावण्यातले तर मुंबईकराला कोणी शिकवायला नको. लोकलच्या गर्दीसाठी रेल्वेच्या भाषेत ‘सुपर डेन्स क्रश लोड’ अशी खास संज्ञाच आहे : उभे राहण्याच्या जागेत एका चौरस मीटरला 14 ते 16 माणसे. ही झाली डब्याची कपॅसिटी. त्या डब्यात संध्याकाळी दादरला चढता येणे ही माणसाची एबिलिटी. आणि तीन जणांच्या बाकावर चौथी सीट मिळवून, अर्धे अंग बाहेर लटकत असताना, बोरिवलीपर्यंत निवांत झोप काढणे हे मात्र स्किल. ते वर्षानुवर्षांच्या पासाशिवाय येत नाही.

अ‍ॅप्टिट्यूड या सगळ्यांच्या आधीचे, काहीच करून दाखवलेले नसतानाचे. अमेरिकेत 1926 साली सुरू झालेल्या ‘सॅट’ या कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेच्या नावातला मधला ‘ए’ या अ‍ॅप्टिट्यूडचाच होता. त्या शब्दामागून ‘उपजत’ हा अर्थ डोकावत राहतो आणि परीक्षा तर शाळेत शिकलेलेही तपासते, या अडचणीपायी 1990 मध्ये त्या ‘ए’चा अर्थ असेसमेंट असा करण्यात आला. मुलांची झोप उडवायची ती दोन्ही नावांनी उडालीच.

कॉम्पिटंट या शब्दाची मला भीती वाटते. एखाद्या गायिकेचे गाणे ‘कॉम्पिटंट’ झाले असे समीक्षकाने लिहिले, की समजावे, सूर-ताल जागच्या जागी होते आणि तिला पुन्हा ऐकायला कोणी जाणार नाही. पण हाच शब्द जहाजावर चढला की त्याचे वजन बदलते. मर्चंट नेव्हीतली मुले ज्याला ‘सीओसी’ म्हणतात ते सर्टिफिकेट ऑफ कॉम्पिटन्सी. ते नसेल तर भर समुद्रात कोणी जहाजावरचा पहारा तुमच्या हाती सोपवणार नाही. तिथे प्रतिभावान अधिकारी कोणालाच नको असतो.

टॅलेंटशी तर माझे जुने भांडण आहे. ग्रीकांचे ते मुळात वजनाचे माप, पुढे तेवढ्या वजनाची चांदी. बायबलमधल्या दृष्टान्तात धनी परगावी जाताना चाकरांच्या हवाली करतो ते टॅलेंट. म्हणजे कोणीतरी दिलेले. चाळीस वर्षे तबला घासलेल्या माणसाला ‘काय टॅलेंट आहे हो तुमच्यात!’ म्हणणे म्हणजे त्या चाळीस वर्षांची मजुरी बुडवणे होय, असे माझे मत आहे आणि घरात ते कोणीही मनावर घेत नाही.

लालबागच्या आमच्या चाळीत शेजारचे काका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांवर, होते. संक्रांतीच्या सुमारास मांजा तुटला की आम्ही पोरे त्यांच्या दारात उभे राहत असू. ते हातातला पेपर खाली ठेवत, तुटलेली दोन टोके एकमेकांवर तिरकी ठेवून अंगठ्याखाली दाबत, एका टोकाचा फेरा कसा घेत ते शेवटपर्यंत दिसत नसे, आणि उरलेला दोरा दातांनी तोडून पुन्हा पेपर उचलत. त्या गाठीवरून नख फिरवले तरी ते अडकत नसे. आमची गाठ पहिल्याच हिसक्याला सुटे. गिरणीत चालत्या साच्याशेजारी, कान किटवणाऱ्या आवाजात, ते दिवसभर हेच करत असत, हे तेव्हा आमच्या गावीही नव्हते.

18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यांतल्या कितीतरी जणांना गिरणी पुन्हा दिसली नाही. काकांना शिवडीच्या एका गोदामात हेल्परचे काम मिळाले. किमान वेतनासाठी कुशल, अर्धकुशल आणि अकुशल अशी वर्गवारी असते. त्यांच्या नावापुढे ‘अनस्किल्ड’ लिहिले गेले. नियमाने ते बरोबरच होते, कारण ही वर्गवारी कामाची असते, माणसाची नसते. पण ‘अनस्किल्ड वर्कर’ म्हणताना ते विशेषण कामाला न चिकटता माणसाला चिकटते, आणि इतक्या शब्दांच्या छटा नीट वेगळ्या ठेवणाऱ्या इंग्रजीला इथे मात्र त्याचे काही वाटत नाही.

काका साठीपर्यंत त्या गोदामात होते. पगार अखेरपर्यंत अकुशलाचाच मिळाला.