एटीव्हीनं बर्फ लोटणं: होटनची नोंद, जानेवारीअखेर

मागच्या नोंदीत बर्फ लोटायचं पातं एटीव्हीला, म्हणजे जाड टायरांच्या चारचाकी उघड्या गाडीला, बसवून झालं होतं. आता निम्मा हिवाळा सरलाय, तेव्हा काय टिकलं आणि काय बदललं ते लिहितो.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडं ठिकाणाबद्दल. आम्ही अमेरिकेत, मिशिगनच्या वरच्या द्वीपकल्पात, होटनजवळ राहतो. डिसेंबरात सुपीरियर सरोवर गोठलेलं नसतं. वायव्येचा गार, कोरडा वारा त्यावरून वाफ उचलतो आणि इथल्या डोंगराच्या चढाला लागला की ती बर्फ होऊन उतरते. शेजारच्या कीविनॉ काउंटीत १९७८-७९च्या हिवाळ्यात ३९०.४ इंच बर्फ पडल्याची नोंद आहे. तो आकडा दाखवणारी उंच पट्टी महामार्ग ४१च्या कडेला उभी आहे. एवढ्या बर्फाच्या मुलखात खरी अडचण एकच: लोटलेला बर्फ एप्रिलपर्यंत ठेवायचा कुठं. यंदाचं माझं सगळं काम त्याच्याभोवती फिरलं.

गाडी तीच, ५०० सीसी, फोर बाय फोर. पातं ६० इंची, स्टीलचं. पात्याच्या रुंदीबद्दल विचारणा होते म्हणून गणित मांडतो. सरळ ठेवलं तर ६० इंच साफ होतात, पण बहुतेक वेळ पातं तिरकं असतं. ३० अंश फिरवलं की साफ होणारी पट्टी ५२ इंचांवर येते. माझ्या गाडीच्या चाकांची बाहेरून बाहेरची रुंदी ४७ इंच, म्हणजे दोन्ही बाजूंना अडीच-अडीच इंच उरतात. ५४ इंची पातं तिरकं केलं की जेमतेम ४७ भरतं आणि एका बाजूचं चाक न लोटलेल्या बर्फावर चढायला लागतं. माझ्या मते या आकाराच्या गाडीला ६०च्या खाली जाऊ नये.

आमचा ड्राइव्हवे खडीचा. त्यामुळे सुरुवातीचा बर्फ लोटलाच नाही, गाडी फिरवून दाबून टाकला. जमीन गोठली, वर दोनेक इंचांचा घट्ट थर बसला आणि मगच पातं खाली आलं. तोवर पात्याखालचे स्किड शूज (पात्याची धार जमिनीपासून वर धरणारे घसरते पाय) एवढे खाली ठेवले होते की धार जमिनीपासून इंचभर वर राहील. थर पक्का झाल्यावर शूज वर घेतले. आता धार त्या थरावरून सरसर जाते आणि बर्फात खडी येत नाही. वसंतात बागेतून खडी वेचत बसायचं नसेल तर एवढा धीर धरावाच. कडेला नारिंगी खुणेच्या काठ्या मात्र ऑक्टोबरातच ठोकाव्यात; नंतर जमिनीत काही शिरत नाही.

विंचमध्ये, म्हणजे तार गुंडाळून पातं उचलणाऱ्या बॅटरीवरच्या रहाटात, केलेला बदल मला सगळ्यात मोलाचा वाटतो. पातं वर-खाली करताना विंच पुन्हा पुन्हा तेवढीच फूट-दीड फूट तार गुंडाळते आणि सोडते. तार एकाच जागी वाकत राहते, आधी एक बारीक धागा उभा राहतो, मग शेजारचा, आणि हातमोज्यात काटा घुसल्यावर कळतं. आता तार काढून ठेवली आहे आणि ड्रमवर फक्त पात्यापुरता आखूड सिंथेटिक पट्टा आहे. पट्टा स्वस्त, बदलायला सोपा, बोटांनाही सुरक्षित. सोबत हँडलवर व्होल्टमीटर लावला. इंजिन मंद चालू असताना विंच वापरली की बॅटरी चार्ज होण्याऐवजी उतरत जाते, हे आता डोळ्यांसमोर दिसतं. काम संपल्यावर घरात चार्जर लावतोच.

ड्राइव्हवेच्या तोंडाशी रस्ता साफ करणारा ट्रक जो बांध घालून जातो, त्याची गोष्ट वेगळी. तो बर्फ दाबलेला, मिठानं ओलावलेला आणि तासाभरात दगड होणारा. तिथं लो गिअर, पातं तिरकं आणि कडेकडेनं फूटभराचे काप. लांबून वेग घेऊन धडक देऊ नये. स्प्रिंगवरचं पातं पुढं झुकून सुटेल, पण माउंट, म्हणजे पातं गाडीला जोडणारा सांगाडा, वाकतो आणि हाय गिअरमध्ये इंजिनाचा जोर चाकांकडं नेणारा बेल्ट तापतो. मागच्या चाकांना चेन असल्या की एवढी ताकद पुरते. आणि तो बर्फ रस्त्यापलीकडं ढकलू नका, मिशिगनच्या वाहन कायद्यात त्याला मनाई आहे. गॅरेजच्या दाराशी मी यूपर स्कूपच वापरतो. पत्र्याचं ते रुंद हातफावडं इथल्या प्रत्येक घरात असतं आणि भिंतीलगत त्याला तोड नाही.

आता जागेचं. डिसेंबरातला पहिला ढीग काठ्यांच्या पलीकडं, गाडी जाईल तिथवर नेला. त्या वेळी उगाच वाटतं, कारण बर्फ हलका असतो. वीस इंचांना एक इंच पाणी असा भुसभुशीत बर्फ फूटभर पडला तर चौरस मीटरला साधारण १५ किलो भरतो. दहाला एक असला तर ३०. पण रात्रीत ढिगाचा पाया गोठतो आणि मग तो तसूभर सरकत नाही. पुढचा प्रत्येक बर्फ त्याच्या अलीकडं साचतो आणि वाट अरुंद होत जाते. जानेवारीत पातं कमरेएवढं उचलून ढिगांचे माथे मागं लोटले, पायरी काढली. दक्षिणेकडं त्यामुळे चांगली चार फूट जागा मोकळी झाली. यासाठी पातं उंच उचललं जाणारा समोरचा माउंट हवा. पोटाखालचा माउंट जोर गाडीच्या मध्यावर घेतो, ओढाताण कमी करतो, पण उचल कमी देतो. इथल्या बर्फाला मी समोरचाच घेईन.

उत्तरेची बाजू अजून बाकी आहे. तिथं ढीग खिडकीच्या कठड्याला टेकलाय आणि पलीकडं प्रोपेनची टाकी, म्हणून माथा लोटायला वाव नाही. तो बर्फ आडवा ओढून मागच्या अंगणात न्यावा लागेल. त्यासाठी उलट्या बाजूनं ओढणारं मागचं पातं बसवून बघतोय. हिचला (गाडीच्या मागच्या जोडाला) लावायचा कंस वेल्ड करून झालाय, पिन यायची आहे. मार्चचा ओला बर्फ येण्याआधी ते चाललं तर पुढच्या नोंदीत मापं देतो.