दिमापूर ते कोहिमा : केंटच्या पलटणीच्या वाटेने पायी

दिमापूरपासून कोहिमापर्यंतचा रस्ता ७४ किलोमीटरचा आहे; तो मैदानात सुरू होतो आणि सुमारे १,४०० मीटर उंचीवर जाऊन पोहोचतो. मोटारीने हे अंतर काही तासांत संपते. आम्ही ते एप्रिल महिन्यात, मुक्काम करत, पायी चाललो, कारण दुसऱ्या महायुद्धात, जपानी फौज कोहिमावर चालून आली तेव्हा, १९४४ च्या एप्रिलमध्ये इंग्लंडमधल्या केंट परगण्याच्या रॉयल वेस्ट केंट रेजिमेंटची चौथी पलटण याच रस्त्याने कोहिमात शिरली होती आणि तिच्यातले कितीतरी जण तिथून परतलेच नाहीत.

केंटच्या शिपायांसाठी साताऱ्याकडच्या माणसाने वारी का करावी, असे मला निघण्यापूर्वी अनेकांनी विचारले. माझे आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या चौथ्या पलटणीत होते. ती पलटण मार्च १९४४ मध्ये पन्नासाव्या पॅराशूट ब्रिगेडबरोबर मणिपूरमधल्या सांगशाक या डोंगरी गावाजवळ जपान्यांच्या वेढ्यात सापडली. खोल खंदक खणू न देणारा खडक, काटेरी तारांचा अभाव आणि पाण्याचे दुर्भिक्ष अशा स्थितीत त्या ब्रिगेडने २६ मार्चच्या रात्रीपर्यंत टेकडी धरून ठेवली, आणि जपानच्या एकतिसाव्या डिव्हिजनची जी तुकडी कोहिमाच्या दिशेने निघाली होती, तिचे मोलाचे दिवस तिथे खर्ची पडले. त्याच दिवसांत वेस्ट केंटची पलटण ज्या ब्रिगेडमध्ये होती, ती १६१ वी ब्रिगेड ब्रह्मदेशातल्या आराकानच्या आघाडीवरून विमानांनी दिमापूरला आणली जात होती. सांगशाकला आमच्या माणसांनी जो वेळ मिळवला, तो कोहिमाला केंटच्या माणसांनी वापरला, असे मी मानतो. म्हणून ही दोन नावे माझ्या मनात एकमेकांपासून वेगळी होत नाहीत.

बाहेरच्यांना नागालँडमध्ये शिरण्यासाठी लागणारा परवाना, म्हणजे इनर लाइन परमिट, काढून आम्ही दिमापूर सोडले. आमच्यात एक निवृत्त सुभेदारसाहेब होते. ते आळंदी ते पंढरपूर ही वाट आमच्या दिंडीबरोबर पुष्कळदा चाललेले आहेत, आणि चुमौकेदिमाच्या पुढे चढण सुरू झाल्यावर त्यांनीच विसाव्याच्या जागा ठरवल्या. मेदझिफेमापर्यंत उकाडा होता. त्यापुढे दिवेघाटासारखा चढ तासन् तास संपत नाही, एका बाजूला दरड आणि दुसऱ्या बाजूला दरी असते, आणि मालवाहू ट्रक इतके जवळून जातात की एका रांगेतच चालावे लागते. या भागातली चाल सांगण्याजोगी नाही. वाहनांकडे लक्ष ठेवण्यातच ती गेली.

कोहिमाच्या अलीकडच्या जोत्सोमाला मात्र आम्ही बराच वेळ थांबलो. १६१ व्या ब्रिगेडला आधी कोहिमाला पाठवून मग दिमापूरच्या रक्षणासाठी माघारी बोलावले गेले होते, आणि ती दुसऱ्यांदा निघाली तेव्हा जपानी कोहिमापाशी येऊन पोहोचलेले होते. ५ एप्रिलला फक्त वेस्ट केंटची पलटण आत शिरू शकली. पहिल्या पंजाबची पहिली पलटण आणि सातव्या राजपूतची चौथी पलटण जोत्सोमाला अडकल्या, आणि तिथल्याच डोंगरी तोफांनी पुढचे दोन आठवडे कोहिमाच्या टेकड्यांभोवती अचूक मारा करून वेढ्यातल्या लोकांना तगवले. “मुलांनो, तोफखान्याशिवाय ती टेकडी दोन दिवससुद्धा टिकली नसती, हे विसरू नका,” असे सुभेदारसाहेब म्हणाले, आणि समोरच्या डोंगरकडेला वसलेले कोहिमा पाहताना त्यांचे म्हणणे मला पटले.

कोहिमाच्या टेकडीवर लढणारे सुमारे दीड हजार होते आणि त्यांच्यासमोर जपानी जनरल सातो यांची जवळजवळ सबंध एकतिसावी डिव्हिजन होती. पलटणीबरोबर आसाम रेजिमेंट, आसाम रायफल्स आणि रुग्णालयातून उठून आलेले शिपाईही लढत होते. पाण्याचा पुरवठा शत्रूने तोडला होता. टेकडीच्या मागच्या बाजूला सापडलेल्या एका झऱ्यावर रात्रीच जाता येत असे, आणि माणशी दिवसाला जेमतेम अर्धा लिटर पाणी मिळे. जखमी उघड्या चरांमध्ये पडून होते, आणि त्यांच्यावर उपचार चालू असतानाच तिथे तोफगोळे येऊन फुटत. डेप्युटी कमिशनरच्या बंगल्याच्या टेनिस कोर्टावर दोन्ही बाजूंचे खंदक इतके जवळ होते की हातबॉम्ब फेकता येत. त्या कोर्टाच्या रेषा आज स्मशानभूमीत काँक्रीटने आखून ठेवलेल्या आहेत, आणि मी त्यांच्या कडेने चाललो तेव्हा ते अंतर किती थोडे आहे हे पायांना कळले.

कोहिमाच्या युद्ध स्मशानभूमीत १,४२० जणांच्या कबरी आहेत. गॅरिसन हिलच्या उतारावर एकाखाली एक पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक कबरीवर बुटक्या दगडावर कांस्याची पट्टी आहे. लान्स कॉर्पोरल जॉन हार्मन यांची कबर इथेच आहे. ८ एप्रिलला त्यांनी शत्रूचे मशीनगनचे ठाणे एकट्याने उद्ध्वस्त केले, दुसऱ्या दिवशी सकाळी संगीन लावून ते पुन्हा एकटेच एका ठाण्यावर धावून गेले, तिथल्या पाचही जणांना मारून परतताना त्यांना गोळ्या लागल्या आणि थोड्याच वेळात त्यांना मरण आले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मला मात्र पदके न मिळालेल्यांच्या पट्ट्यांपाशी अधिक वेळ लागला. एकोणीस-वीस-बावीस अशी वये, आणि खाली आईवडिलांनी किंवा पत्नीने निवडलेल्या ओळी. आम्ही एकेका पट्टीजवळ उभे राहून नाव मोठ्याने वाचले. वारकऱ्याला नाम घेणे शिकवावे लागत नाही.

सर्वांत वरच्या भागात, ज्यांना अग्नी देण्यात आला अशा ९१७ हिंदू व शीख सैनिकांचे स्मारक आहे. येणारे बहुतेक लोक खालच्या, कोहिमाच्या मदतीला आलेल्या ब्रिटिश दुसऱ्या डिव्हिजनच्या शिळेजवळ छायाचित्र काढून परततात, आणि इथपर्यंत चढत नाहीत, याचे मला वाईट वाटले. तिथेही आम्ही नावे वाचली.

२० एप्रिलला रॉयल बर्कशायरच्या पलटणीने टेकडीचा ताबा घेतला आणि वेस्ट केंटचे उरलेले लोक दिमापूरला उतरले. टेनिस कोर्ट मात्र १३ मे रोजी डॉर्सेटच्या पलटणीने रणगाडा आणून मोकळे केले, आणि इंफाळचा रस्ता २२ जूनला खुला झाला. केंटची पलटण काही घरी गेली नाही. ती आपल्या ब्रिगेडबरोबर तिद्दिमच्या रस्त्याने पुन्हा ब्रह्मदेशात गेली आणि तिथेही तिने माणसे गमावली. ज्यांची कबर सापडली नाही, अशा सुमारे २७,००० सैनिकांची नावे यांगूनजवळ टॉक्यानच्या स्मारकावर कोरलेली आहेत. तिकडे जाण्याजोगी परिस्थिती झाली की जाण्याचे सुभेदारसाहेबांनी आणि मी ठरवले आहे. त्याआधी सांगशाकची टेकडी चढायची आहे.